नवा संगणक दुकानाच्या हप्त्यांवर घ्यावा का?

शब्दवेल
नमस्कार मंडळी,
मी घरून सबटायटलिंग आणि भाषांतराची कामं करते. सध्याचा लॅपटॉप अगदी मेटाकुटीला आलाय. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण त्यानंतर बराच वेळ काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला असतो. व्हिडिओ मागेपुढे केला की आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं, त्यामुळे सबटायटलची वेळ जुळवायला एकाच वाक्यावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यात विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ह्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही.

दुकानात चौकशी केली. ते १८ हप्त्यांवर द्यायला तयार आहेत, व्याज शून्य म्हणतात. रोख घेण्याइतके पैसे आहेत माझ्याकडे, पण ते दिले तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय माझ्या कामाचे पैसे एखाद्या महिन्यात भरपूर येतात, एखाद्या महिन्यात काहीच नाही.

तर प्रश्न असा: हप्त्यावर घ्यावा, रोख घ्यावा की थांबावं? रक्कम मुद्दाम लिहीत नाही, किंमत १०० धरून सांगितलंत तरी चालेल.

रोखठोक
रोख देऊन हातात काही उरत नसेल तर ती वस्तू आत्ता परवडत नाही. ऋण काढून सण करू नये. थांबा आणि पैसे साठवा.

पाणकावळा
@रोखठोक, सण कुठला? तिचं पोटापाण्याचं साधन आहे ते. टीव्ही किंवा गेमिंगचा पीसी असता तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. इथे मशीन बंद पडलं तर त्या दिवसाची कमाई बंद.

रोखठोक
साधन असलं तरी हप्ता तो हप्ताच. आणि १८ महिने म्हणजे दीड वर्ष. वॉरंटी बहुतेक वेळा एक वर्षाची असते. शेवटचे सहा हप्ते वॉरंटी नसलेल्या मशीनचे भरायचे.

मिश्रधातू
हा वॉरंटीचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. रोखठोक, ह्याला +१.

हिशोबनीस
मी बरीच वर्षं कर्जवितरणाच्या बाजूला काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

दुकान स्वतः क्वचितच उधार देतं. मागे एक वित्तसंस्था असते, ती दुकानाला पैसे देते आणि तुमच्याकडून हप्ते घेते. ती फुकट काम करत नाही. तिचं व्याज कोणीतरी भरतंच. कधी उत्पादक भरतो, कधी दुकान आपल्या नफ्यातून देतं, आणि पुष्कळदा ते तुम्हीच भरता, फक्त वेगळ्या नावाने. म्हणजे रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही. वरून प्रक्रिया शुल्क लागतं.

उदाहरण घ्या. छापील किंमत १००. रोख घेतला तर ९५ ला मिळतो. हप्त्यावर १२ महिने ८.३३ प्रमाणे १०० भरायचे. म्हणजे खरं कर्ज ९५ चं आणि परतफेड १०० ची. हप्त्यागणिक शिल्लक कमी होत जाते, हे धरून वर्षाचा दर काढला तर तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. सुरुवातीला २ प्रक्रिया शुल्क घेतलं की तोच दर पावणेचौदाच्या घरात जातो. कागदावर मात्र व्याज शून्य.

दुसरी गोष्ट सपाट दराची. काही ठिकाणी "फक्त १० टक्के" सांगतात. १०० वर वर्षाचे १०, एकूण ११०, भागिले १२. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०० वर मोजलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर तो दर १८ टक्के होतो. दोन ठिकाणांची तुलना करताना एकाचा सपाट आणि दुसऱ्याचा घटता दर समोरासमोर ठेवू नका.

म्हणून शब्दवेल, दुकानात हप्त्याची चौकशी करायच्या आधी रोखीचा शेवटचा भाव विचार. तो आकडा मिळेपर्यंत "हप्त्यावर घेणार" हे बोलूच नकोस. एकदा हप्त्यात रस दाखवला की रोखीचा खरा भाव सहसा बाहेर येत नाही.

चकवाचांदण
हिशोबनीसताई, हा प्रतिसाद छापून ठेवतोय. आमच्या घरातले सगळे मोबाइल "शून्य व्याजा"चे आहेत, आज रात्री जेवणाच्या टेबलावर सुनावणी होणार!

पाणकावळा
@चकवाचांदण, निकाल इथे कळवा :)

बोल्ट
सगळे थेट कर्जावर पोचले, आधी मशीनचं बघू या की. शब्दवेल, डिस्क १०० टक्के म्हणताय, म्हणजे आत फिरती हार्डडिस्क आहे का? रॅम किती? प्रोसेसर कुठल्या पिढीचा?

शब्दवेल
@बोल्ट, हो, फिरती हार्डडिस्कच. रॅम ८ जीबी. इंटेलचा सातव्या पिढीचा आय५.
@हिशोबनीस, खूप आभार. रोखीचा भाव विचारलाच नव्हता. उद्या फोन करते.

बोल्ट
मग निम्मं दुखणं तिथेच आहे. फिरती डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते, साटा जोडणीची एसएसडी (म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) साडेपाचशेच्या आसपास. खरा फरक मात्र विखुरलेल्या छोट्या छोट्या फाइली वाचताना पडतो. विंडोज सुरू होताना नेमकं तेच चालू असतं आणि तिथे फिरत्या डिस्कची सुई इकडून तिकडे पळून दमते. एसएसडीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत अगदी किरकोळ.

करायचं काय ते सांगतो. आधी कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. अडीच इंची साटा एसएसडी आणा, यूएसबीच्या केसमध्ये घालून जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर उतरवा, मग मागचं झाकण उघडून अदलाबदल करा. झाकणाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, ते ज्या जागेचे त्याच जागी परत गेले पाहिजेत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. रॅमची पट्टी सुटी आहे की बोर्डावर सोल्डर केलेली, तेही त्याच वेळी बघून घ्या.

विंडोज ११ चं मात्र कठीण आहे. त्याला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. सातवी पिढी थोडक्यात हुकली. घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी नोंदणी करावी लागते.

तुळशीपत्र
विंडोजऐवजी लिनक्स टाका की! माझं तेवढंच जुनं मशीन लिनक्सवर मस्त चाललंय. सबटायटलसाठी एजिसब लिनक्सवरही आहे.

शब्दवेल
@तुळशीपत्र, एजिसब मी वापरते, पण दोन ग्राहकांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत आणि ती विंडोजवरच चालतात. त्यामुळे पूर्ण लिनक्स जमणार नाही.

तुळशीपत्र
मग दोन्ही ठेवा. ड्युअल बूट.

बोल्ट
कामाच्या एकुलत्या एका मशीनवर पहिल्यांदाच ड्युअल बूट करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्सची चर्चा वेगळ्या धाग्यात करू, मी येतो तिथे.

उंबरठा
मीही फ्रीलान्सर आहे, म्हणून उत्पन्नाच्या बाजूने लिहितो. नोकरदार माणूस हप्त्याचा विचार करतो तेव्हा पगारातून हप्ता वजा करून बघतो. आपल्याला तसं करून चालत नाही. आपण सरासरी महिना धरायचा नाही, गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरायचा. त्या महिन्यात घरखर्च भागवून हप्ता निघाला असता का? निघाला असता तर घ्या.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या तारखेला शिल्लक कमी पडली तर वित्तसंस्था उशिराचा दंड लावते आणि अनेकदा बँकही परत गेलेल्या व्यवहाराचं शुल्क घेते. शिवाय पतइतिहासात नोंद होते ती वेगळीच. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती नोंद समोर येते. माझ्या ओळखीतल्या एकाला लॅपटॉपच्या चुकलेल्या हप्त्यांबद्दल बँकेत खुलासा द्यावा लागला होता. हप्त्याची तारीख निवडायला मिळते का, तेही विचारा. ग्राहकाचे पैसे महिन्याच्या दहा तारखेनंतर येत असतील आणि हप्ता पाचला कापला जात असेल तर दर महिन्याला जीव टांगणीला.

खडू
मी थोडी उलट बाजू मांडते. सगळी पुंजी एका वस्तूत ओतणं हीसुद्धा जोखीमच आहे. रोख घेतला, सूट मिळवली, आणि पुढच्याच महिन्यात घरात आजारपण निघालं तर? मग क्रेडिट कार्डावर उचल करावी लागेल आणि त्याचा दर ह्या सगळ्यापेक्षा कितीतरी चढा असतो. हाताशी पैसा असण्याची किंमत म्हणून नऊ-दहा टक्के मोजायला माझी हरकत नाही. मी स्वतः असाच विचार करून हप्ते घेतले, वेळेवर फेडले, मला काही त्रास झाला नाही.

रोखठोक
@खडू, तुम्ही वेळेवर फेडले ते बरंच झालं. पण दुकानं ही योजना वेळेवर फेडणाऱ्यांसाठी काढतात असं वाटतं का तुम्हाला?

खडू
योजना कोणासाठी काढलीये त्याच्याशी मला काय करायचंय? माझा हिशोब बसला, मी घेतलं. शब्दवेलचा बसतो की नाही ते तिचे आकडे आल्यावरच कळेल ना.

हिशोबनीस
खडूचा मुद्दा रास्त आहे आणि मी हप्त्यांच्या विरोधात नाहीच. दर माहीत असावा आणि अटी वाचलेल्या असाव्यात, इतकंच.

अटींवरून आठवलं. दुकानाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर काही देशांत एक वेगळाच प्रकार चालतो. "१२ महिन्यांत पूर्ण फेडलंत तर व्याज नाही" अशी अट असते. व्याज मोजणं पहिल्या दिवसापासून चालूच असतं, फक्त बाजूला ठेवलेलं असतं. मुदत संपताना थोडी जरी बाकी राहिली तरी ते सगळं साठलेलं व्याज एकदम अंगावर येतं. समजा १०० ची खरेदी, दर वर्षाला २४ टक्के, आणि तुम्ही महिन्याला ८ भरत गेलात. वर्षाअखेर फेडले ९६, बाकी फक्त ४. त्या चारासाठी साधारण साडेतेरा व्याज लागतं. अशा कार्डावर दरमहा मागितली जाणारी किमान रक्कम पुष्कळदा इतकी लहान असते की तेवढीच भरत राहिलं तर मुदतीत फेड होतच नाही. ठरलेले समान हप्ते आणि हे कार्ड ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याला कुठलं देताहेत ते कागदावर बघून घ्यायचं.

मिश्रधातू
चारासाठी साडेतेरा!!

गारवेल
वस्तू परत करायची वेळ आली तर काय होतं, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर पहिल्या आठवड्यातच उभी हिरवी रेघ आली. दुकानाने कुरकूर न करता परत घेतला. पण कर्ज वित्तसंस्थेकडे होतं. दुकानाने त्यांना पैसे परत केल्याची नोंद होईपर्यंत पहिला हप्ता कापला गेला. तो नंतर परत मिळाला, प्रक्रिया शुल्क मात्र मिळालं नाही. लॅपटॉप नाही, हप्ता चालू, आणि फोन केला की दुकान वित्तसंस्थेकडे बोट दाखवतं आणि वित्तसंस्था दुकानाकडे. परतीची लेखी पोच घ्या आणि ती वित्तसंस्थेला स्वतः ईमेल करा, दुकानावर सोडू नका. माझं प्रकरण तसंच सुटलं.

सांजपक्षी
कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात, ते दुरुस्त करून वॉरंटीसह विकले जातात. ह्या व्यावसायिक मालिकांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या घरगुती स्वस्त मॉडेलांपेक्षा दणकट असतात आणि सुटे भागही मिळतात. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा बघून घेतला तर विंडोज ११ चालेल. बॅटरीची अवस्था मात्र तपासाच. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport ही आज्ञा चालवली की तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात.

पाणकावळा
आणि घरूनच काम असेल तर लॅपटॉपच का? डेस्कटॉप त्याच पैशात जास्त ताकदीचा येतो, एकेक भाग नंतर बदलता येतो.

शब्दवेल
@पाणकावळा, आईकडे जाऊन राहावं लागतं अधूनमधून, तेव्हा काम सोबत न्यावं लागतं. म्हणून लॅपटॉप.

बाकी सगळ्यांचे आभार. दुकानातून आज कागद आणलाय. किंमत १०० धरून लिहिते:
छापील भाव १००. रोख घेतला तर ९४. (आधी रोखीचंच विचारलं, हिशोबनीसताई!) हप्त्यावर १०० भागिले १८. प्रक्रिया शुल्क २, ते सुरुवातीलाच. आणि त्याखाली बारीक अक्षरात "संरक्षण योजना" ४, ती हप्त्यांत वाटून टाकलेली. ती मी मागितलीच नव्हती. विचारलं तर म्हणाले, सगळे घेतात.

हिशोबनीस
छान आकडे आणलेस. आता बघ. संरक्षण योजना सोडून दिली तर खरं कर्ज ९४ वजा २, म्हणजे ९२ चं. परतफेड १०० ची, १८ महिन्यांत. दर साधारण पावणेअकरा टक्के. योजना ठेवली तर परतफेड १०४ ची आणि दर सोळाच्या आसपास जातो. त्या एका बारीक ओळीने पाच टक्के वाढवले.

"सगळे घेतात" म्हणजे ती ऐच्छिक आहे. काढायला सांग. काढत नसतील तर ती कर्जाची अट आहे असं लेखी माग. लिहून द्यायची वेळ आली की ती ओळ बहुधा गायब होते.

उंबरठा
ह्या योजनेत नेमकं काय येतं तेही वाचा. बऱ्याच ठिकाणी पडणं, पाणी सांडणं ह्यासाठी वेगळे नियम असतात आणि दर दाव्याला काही रक्कम आपल्यालाच भरावी लागते. तुम्ही लॅपटॉप घेऊन प्रवास करता, त्यामुळे अपघाती नुकसानाचं संरक्षण तुम्हाला उपयोगी पडूही शकेल. पण ते हवं असेल तर वेगळं, रोखीने घ्या. कर्जात घालून त्यावर व्याज कशाला?

रोखठोक
पावणेअकरा टक्के म्हणजे बँकेत ठेव असेल तर त्या ठेवीवर कर्ज काढणं स्वस्त पडेल. बऱ्याच बँका ठेवीच्या व्याजापेक्षा थोड्याच जास्त दराने देतात, ठेवही मोडत नाही आणि दुकानात रोखीचा भाव मिळतो. कर्जच काढायचं तर निदान तसं काढा.

खडू
@रोखठोक, ह्यावर आपलं एकमत झालं, तारीख लिहून ठेवते :)

चकवाचांदण
आमच्याकडची सुनावणी झाली. चारपैकी तीन मोबाइलांत अशीच एक संरक्षण योजना निघाली. चौथ्याची पावतीच सापडत नाहीये, आरोपी फरार.

शब्दवेल
थोडे दिवस गेले, म्हणून धागा वर काढते.

@बोल्ट यांनी सांगितलं तसं एसएसडी बसवून घेतली. फरक प्रचंड आहे. मशीन चालू झालं की लगेच कामाला लागता येतं, भाषांतराचं काम आता अजिबात अडत नाही. व्हिडिओ मागेपुढे करणंही बरंच सुधारलं. पण मोठ्या रिझोल्यूशनच्या फाइली आल्या की प्रोसेसर हात टेकतो, आणि विंडोजचा प्रश्न तसाच राहतो. म्हणजे नवा लागणार आहेच, फक्त आजच्या आज लागणार नाही.

माझी ठेव नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. उंबरठा यांच्या कसोटीवर गेल्या वर्षातला वाईट महिना धरून बघितला, तर १८ हप्त्यांतला पूर्ण रकमेचा हप्ताही त्या महिन्यात निघाला नसता. तेव्हा ठरवलंय की सहा महिने थांबायचं. दर कामाच्या पैशातून ठरावीक भाग वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केलीये. आत्ताच्या पुंजीला हात न लावता त्यातून निम्मी रक्कम उभी राहील असं दिसतंय. उरलेली तेव्हाच्या परिस्थितीप्रमाणे, थोडी पुंजीतून आणि गरज पडली तर छोट्या मुदतीच्या हप्त्यांत. दुकानदार म्हणाला की निम्मे रोख दिले तर ९६ ला देईन आणि संरक्षण योजना काढून टाकीन. हे सगळं सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं लागेल हे माहीत आहे.

बोल्ट
एसएसडी वाया जाणार नाही. नवा घेतल्यावर यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. आणि नव्यात रॅम १६ जीबी तरी बघा, शक्यतो सुटी पट्टी असलेली.

रोखठोक
उत्तम निर्णय. वेगळं खातं काढलंत ते सगळ्यात आवडलं.

खडू
मी असते तर तीन महिनेच थांबले असते. मोठ्या फाइलींची कामं नाकारावी लागत असतील तर थांबण्यालाही खर्च आहे, तो हिशोबात धर.

शब्दवेल
@खडू, बरोबर आहे. तशी कामं किती येतात ते लिहून ठेवतेय. फार जायला लागली तर आधीच घेईन.

गारवेल
पुढेमागे हप्ते घेतलेच तर अजून एक. मुदतीआधी फेडायचं झाल्यास दंड आहे का, ते सही करण्याआधी विचारा. तुमचे पैसे एकदम येतात, त्यामुळे लवकर फेडायची वेळ तुमच्यावर येणारच.

हिशोबनीस
आणि शेवटचा हप्ता गेला की कर्ज बंद झाल्याचं पत्र मागून घे. खात्यातून आपोआप कापायची परवानगी बँकेत जाऊन रद्द कर. काही वित्तसंस्था लॅपटॉपच्या कर्जाबरोबर एक कार्डही उघडून ठेवतात, त्याचं वार्षिक शुल्क पुढच्या वर्षी लागतं. ते कार्ड नको असेल तर लेखी कळवून बंद कर आणि महिना-दोन महिन्यांनी पतअहवाल काढून दोन्ही खाती बंद दिसताहेत ना ते तपास.